टाचेखालचा हात

आमच्या घरातून कोणी सैन्यात जाईल असं आमच्या सात पिढ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. आम्ही मुळात भित्री माणसं. गल्लीत आवाज चढले की आधी खिडकी लावायची आणि मग फटीतून बघायचं, एवढंच आमचं शौर्य. तरी माझ्या बहिणीची मुलगी सैन्यात गेली. गेली तीही लढायला नाही, तर लढणाऱ्यांचे गुडघे वाकवायला. ती फिजिओथेरपिस्ट आहे. शेजारणींना हे समजावताना माझ्या तोंडाला फेस यायचा. बंदूक नाही म्हटल्यावर त्यांचे चेहरे असे पडायचे, की शेवटी मीच जरा तिखटमीठ लावून, तशी वेळ आली तर तीही चालवते, असं सांगून मोकळी व्हायचे.

बहीण लवकर गेली आणि मेहुण्यांनी दुसरा संसार मांडला, म्हणून पोर माझ्याकडे आली. मला मूल नव्हतं, तिला आई नव्हती. आमचं छान जमलं, म्हणजे रोज भांडण व्हायचं. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून होते. तिची सकाळची शाळा सुटली की ती माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर वह्या पसरून बसायची. आणि माझ्यासमोर दिवसभर दुखणाइतांची रांग. कोणाचं पोट, कोणाचं डोकं, आणि परीक्षा असली की सगळ्यांचंच सगळं. घरी सोडायचं की वर्गात हाकलायचं, ते मी ठरवायचे. माझी एक युक्ती होती. पोटावर बोट ठेवून विचारायचं, इथे दुखतं का? पोर कळवळायचं. मग काल सामना कोण जिंकलं, ते विचारायचं, आणि ते रंगात आलं की त्याच जागी पुन्हा तेवढंच दाबायचं. पोर बोलतच राहिलं की जा वर्गात. माझ्या हातून सुटलेला लबाड विरळा. भाचीला तर हा खेळच वाटायचा. दारातून पोर आत येतानाच ती माझ्या कानाशी लागून सांगायची, "मावशी, हे खोटं आहे." बहुतेक वेळा बरोबर असायचं. मला केवढं कौतुक.

तिला फिजिओथेरपीचं वेड लागलं ते आमच्या ह्यांच्यामुळे. हे माळ्यावरची पेटी काढायला शिडीवर चढले आणि पेटीसकट खाली आले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर ह्यांनी पलंग धरला तो धरलाच; उठायचं नाव घेईनात. मग एक बुटकी, जाडजूड बाई रोज घरी येऊ लागली. ती ह्यांना ना रागावायची, ना चुचकारायची. नुसती पलंगाशेजारी उभी राहून म्हणायची, आता आपण उठतोय. आणि हे उठायचे! माझं आयुष्यात कधी न ऐकलेला माणूस. भाची वॉकर धरून बाजूला उभी असायची आणि त्या बाईचे हात बघत राहायची. हे दारापर्यंत चालत गेले त्या दिवशी तिने जाहीर केलं की मी हेच करणार.

करणार म्हणजे कसं? त्या कॉलेजांची फी विचारून आम्ही उलट पावली परत आलो. पोर हिरमुसली. मग कुठूनसं तिला कळलं की सैन्य शिकवतं. जेवण, कपडे, राहणं, शिक्षण सगळं त्यांचं. बदल्यात नंतर काही वर्षं त्यांची नोकरी करायची. मी ऐकलं आणि आकांडतांडव केलं. म्हटलं, मोडलेले पाय बरे करायला शिकायचंय तर जिथे पाय मोडतात तिथे कशाला जायचं? ती म्हणाली, जिथे मोडतात तिथेच तर शिकायला मिळेल. ह्यांनी तिची बाजू घेतली. दोन पायांवर उभा असलेला माणूस कोणाची बाजू घेणार, हे उघड होतं.

मुलाखतीत विचारलं, सैन्यात का यायचंय? बाकीच्या मुलींनी देश, कर्तव्य, बाणा असं काय काय सांगितलं. हिने सांगितलं, शिकायचंय आणि घरी ऐपत नाही. साहेब म्हणे हसले. ती निवडली गेली. पण प्रशिक्षणाला गेल्यावर तिला त्या उत्तराची लाज वाटायला लागली. बरोबरीच्या मुली खरोखर सैनिक व्हायला आल्या होत्या आणि ही जणू मांडवात फुकट जेवायला शिरलेली. त्यामुळे ती सगळ्यांच्या दुप्पट धावली. जिन्याने वर आली तरी धापा टाकणारी ही मुलगी चिखलात कोपरांवर सरपटली, पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढली, बुटांनी टाचा सोलल्या तरी तोंडातून ब्र काढला नाही. फोनवर मला म्हणायची, इथे दुखतंय असं कोणी म्हणत नाही, मावशी. मला ऐकून अभिमान वाटायचा. त्यात काही घोटाळा आहे असं मनातही आलं नाही.

पुढे कॉलेज झालं, परीक्षा झाल्या आणि एका छावणीच्या इस्पितळात तिची नेमणूक झाली. मी एकदा ती जागा बघून आले होते. लांबलचक खोली, एका भिंतीला पूर्ण आरसा, मध्ये हाताने धरून चालायच्या दोन समांतर दांड्या, जमिनीवर निळ्या गाद्या, आणि सगळीकडे मलमाचा वास. दाराशी एक ट्रे. आत येणाऱ्याने हुद्द्याच्या पट्ट्या त्या ट्रेमध्ये काढून ठेवायच्या आणि करडा टी-शर्ट घालायचा. मोठे साहेब असोत की झाडूवाला, आत सगळे सारखे. कारण थेरपिस्टला ओरडता आलं पाहिजे. मला ही पद्धत फार आवडली होती. आमच्या शाळेच्या ऑफिसातही असा एक ट्रे हवा, असं मी मुख्याध्यापकांना सुचवूनही पाहिलं.

आता खरी गोष्ट. त्या खोलीत दोन तऱ्हेची माणसं यायची. एक, ज्यांना दुखतंय पण ते कबूल करत नाहीत, कारण नोंद झाली तर बढती हुकते. आणि दुसरे, ज्यांना काही होत नाही पण कवायत चुकवायची असते. दुसरे ओळखणं हेही तिच्या कामात धरलेलं होतं, आणि त्यात आमची बाई बघता बघता पटाईत झाली. तिच्याकडे एक चाचणी होती. एखादा म्हणाला की माझा उजवा पाय उचलतच नाही, तर त्याला उताणं झोपवायचं, डाव्या टाचेखाली आपला तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, उजवा उचल. माणूस खरंच जोर लावत असेल तर दुसरी टाच आपोआप खाली दाबली जाते. हातावर दाब आलाच नाही, तर गडी जोरच लावत नाहीये. तोंडाने कितीही कण्हो. छावणीत तिचं नावच पडलं, एरंडेल मॅडम. एक डोस आणि माणूस सरळ. वरचे साहेब खूश. मीही खूश. ही माझी शिकवण, असं मी चारचौघांत सांगायचे.

मग एकदा मेसमधला एक आचारी तिच्याकडे आला. चाळिशीच्या पुढचा, पोट सुटलेला, अबोल माणूस. म्हणाला, डाव्या पायात ताकदच राहिली नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलेला. तो लंगडत आला तेव्हाच तिच्या लक्षात आलं की काहीतरी जास्तीचं आहे. दारातून येताना वेगळं लंगडत होता, आरशासमोर वेगळं. तिने त्याला झोपवलं, चांगल्या टाचेखाली हात ठेवला आणि पाय उचलायला सांगितला. त्याने दात आवळले, कपाळाला आठ्या घातल्या, कण्हला. तिच्या तळहातावर काडीचाही दाब आला नाही.

खोली भरलेली होती. त्याच्या मेसचे साहेबही गुडघा शेकत बसले होते, करड्या टी-शर्टात. ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऊठ. तुझा पाय तुझ्यापेक्षा प्रामाणिक आहे."

अख्खी खोली हसली. आत हुद्दा नसतो म्हणतात, पण हसणाऱ्यांत ज्याचा साहेब असतो त्याला विचारा. आचारी उठला, ट्रेमधून आपली पट्टी घेतली आणि गेला. तिने कामचुकार म्हणून शेरा दिला. डॉक्टरांनी तो वाचून पुढे काही तपासलं नाही. मेसमध्ये त्याला 'नाटक कंपनी' म्हणू लागले.

हे सगळं तिने मला फोनवर रंगवून सांगितलं होतं. मी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी ते वाक्य मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तिथेही हशा झाला. चांगलं वाक्य होतं ना.

काही आठवड्यांनी तो आचारी उकळत्या पाण्याचं पातेलं उतरवताना कोसळला. भाजला थोडा, ते निभावलं. पण पाय उचलेना, मग दुसराही उचलेना. तेव्हा मोठ्या इस्पितळात नेऊन पाठीची तपासणी केली. मणक्यात गाठ होती आणि ती मज्जारज्जू दाबत होती. ऑपरेशन झालं. उजवा पाय सुधारला, डावा अर्धामुर्धाच. सर्जन म्हणाले, आधी आला असता तर बरं झालं असतं. आधी तो आलाच होता.

भाची रजेवर घरी आली ती बोलेचना. दोन घास खाऊन ताट सरकवायची, अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडायची. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाचं सांगितलं. सांगताना माझ्याकडे पाहत नव्हती, स्वतःच्या तळहाताकडे पाहत होती. लाजेने माणूस लाल होतो असं आपण म्हणतो. ती राखेसारखी झाली होती.

आणि मी काय केलं? मी तिला वकिलासारखे मुद्दे काढून दिले. डॉक्टर काय झोपा काढत होते? चाचणी तूच काढलीस का, पुस्तकातलीच ना? गाठ तुझ्या शेऱ्यामुळे झाली का? ती ऐकत राहिली. मग म्हणाली, वरचे साहेबही हेच म्हणतात. आचाऱ्याची माफी मागायची तिची इच्छा तिने साहेबांच्या कानावर घातली, तर ते म्हणाले, कागदोपत्री तुझी काही चूक नाही, आणि तू सगळ्यांसमोर चुकले म्हणालीस की उद्यापासून प्रत्येक कामचुकार त्या आचाऱ्याकडे बोट दाखवील. मग तुझा उपयोग काय? मी म्हटलं, साहेबांचं बरोबर आहे, झाकली मूठ सवा लाखाची. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर परवडला असता. रजा संपायच्या आधीच ती बॅग भरून निघून गेली, आणि दारात उभ्या उभ्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला खरं-खोटं ओळखायला शिकवलं, असं मिरवत होते. ती खरं बोलायला निघाली तर मीच तिच्या तोंडावर हात ठेवला.

त्यानंतर ती फोन उचलेना. उचलला तर हो-नाही. तुटक तुटक कळलं ते असं, की तिच्याने काम होईना. कोणाच्याही टाचेखाली हात घालायला तिला धीर होत नव्हता. जो जे सांगेल ते खरं धरून ती विश्रांती लिहून द्यायची. कामचुकारांना वास लागला आणि खोली त्यांनी भरून गेली. खरे दुखणाईत बाहेर ताटकळायचे. एक शिपाई तिला तोंडावर म्हणाला, मॅडम, एरंडेल संपलं वाटतं. सोडून जावं तर करारातली वर्षं उरलेली. आणि त्यातच आचाऱ्याला चालायला शिकवायचं काम त्याच खोलीत यायचं ठरलं. त्याला सहकाऱ्याकडे द्यायची मुभा होती. तिने मला एवढंच सांगितलं की मी तो माझ्याकडे घेतलाय. पुढे काय करणार, सांगितलं नाही. मी ह्यांना शेजारणीच्या हवाली केलं आणि गाडी पकडली.

गेटवर पास मिळेपर्यंत उजाडलेला दिवस पुरता वर आला. मला उपचारांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. दार उघडं होतं. ट्रेमध्ये पट्ट्यांचा ढीग. आत ती दिसली, वाळलेली, केस घट्ट बांधलेले. आचारी दांड्या धरून उभा होता. पोट गेलं होतं बिचाऱ्याचं. डावा पाय फरफटत होता. आजूबाजूला माणसं आपापले व्यायाम करत होती, पण एकाचंही लक्ष व्यायामात नव्हतं. ही कोण आणि तो कोण, सगळ्यांना ठाऊक होतं. आरशाजवळ पोटऱ्या ताणत उभे असलेले पिकल्या केसांचे गृहस्थ तिचे मोठे साहेब, हे मी त्यांच्या उभं राहण्यावरून ओळखलं. टी-शर्टाने ते लपत नाही.

ती आचाऱ्याला दोन फेऱ्या चालवून थांबली. मला वाटलं, आता बसवील. तिने टाळी वाजवून सगळ्यांना थांबायला सांगितलं. आवाज कवायतीचा होता. ती म्हणाली, "यांना मी याच खोलीत खोटं ठरवलं होतं. सगळ्यांसमोर. तुम्ही हसलात ते माझ्या सांगण्यावरून हसलात. यांचं दुखणं खरं होतं. चूक माझी होती." मग त्याच्याकडे वळली. "मी तुमची माफी मागते."

तुमची, म्हणाली. आधी 'ऊठ' म्हणाली होती.

मोठे साहेब आरशात बघत राहिले. मला वाटलं, आचारी आता रडेल, नाहीतर शिव्या घालील, आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी माझी पोर उभी राहू शकेल. पण त्याचा चेहरा पडला. चोरी पकडलेल्या माणसाचा पडतो तसा. दांड्या घट्ट धरून तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी खोटंच करत होतो."

कोणाला काही समजेना. त्याने दम घेतला आणि हळूहळू सांगितलं. पाय तेव्हा थोडाच ढिला वाटायचा. पायरीवर अडखळायचा, चप्पल निसटायची, एवढंच. एवढ्यासाठी इथे कोण सुट्टी देतो? मेसमध्ये सांगितलं तर म्हणाले, वय झालं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळ्या दिल्या. मग त्याने ठरवलं की पाय पूर्ण गेला असं दाखवावं, म्हणजे कोणीतरी बघेल. घरी आरशासमोर लंगडायचा सरावही केला. "तुम्ही पकडलंत. बरोबर पकडलंत. म्हणून मी नंतर कोणाकडे गेलोच नाही. कुठल्या तोंडाने जाणार?"

तिने आधाराला दांडी धरली. आता एकाच दांडीवर दोघांचे हात होते. पोटावर बोट ठेवलं की कळवळणारी, आणि सामन्याचं विचारलं की खुलणारी ती सगळी पोरं माझ्या डोळ्यांपुढे आली. खोटं पकडलं की मी त्यांना वर्गात हाकलून द्यायचे. खोटं का बोललास, कशापायी, हे मी एकालाही विचारलं नव्हतं.

तिने विचारलं, "थोडंच आहे, असं सांगितलं असतंत, तर मी ऐकलं असतं?"

मला वाटलं, तो म्हणेल, हो मॅडम. खालच्या माणसाने वरच्याला असंच सांगायचं असतं. त्याने मान वर केली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "नाही, मॅडम."

ती खाली बसली, जमिनीवरच, आणि त्याचं डावं पाऊल जरासं उचलून त्याखाली तळहात ठेवला. मान वर न करता म्हणाली, "आता दाबा. जेवढा जोर असेल तेवढाच. जास्त दाखवू नका."

त्याने डोळे मिटले. कपाळाला आठी नाही, कण्हणं नाही. पाय हलतोय की नाही, ते मला बाकावरून दिसतही नव्हतं.

"थोडा आहे," ती म्हणाली.

"थोडाच आहे," तो म्हणाला.